टीमच्या चुका रात्री एकट्याने दुरुस्त करू नका

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वडोदऱ्याला मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे तिथल्या औद्योगिक वसाहतीत, ट्रान्सफॉर्मरच्या कारखान्यात तुम्ही बरीच वर्षं टेस्टिंगला होतात. सात महिन्यांपूर्वी असेंब्ली आणि टेस्टिंग दोन्हींचे इन्चार्ज झालात. हाताखाली अकरा माणसं. त्यांतले दोघं कालपर्यंत तुमच्याबरोबर डबा खाणारे, पाच ठेकेदाराची मुलं, दोन डिप्लोमा करून आलेले नवे, एक जुना कामगार ज्याचं काम दोन महिन्यांपासून घसरलंय, आणि एक काका, ज्यांनी तुम्हाला हे काम हातात धरून शिकवलं आणि जे आता तुमच्याशी कामापुरतंच बोलतात. तुम्ही विचारलंय, "माणसं मन लावून काम करत नाहीत, त्यांना मोटिव्हेट कसं करू? की मी परत टेस्टिंगला जाऊ?"

पण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते वाक्य तुम्ही शेवटाकडे, जाता जाता लिहिलंय. टेस्टला फेल झालेले जॉब, म्हणजे बांधून झालेले ट्रान्सफॉर्मर, तुम्ही शिफ्ट सुटल्यावर एका नव्या मुलाला थांबवून स्वतः उघडता, दुरुस्त करता आणि सकाळी पास दाखवता. कारण काय, तर कुणाला बोलावं लागू नये आणि डिस्पॅच अडू नये.

माझ्या मते तुमची खरी अडचण इथे आहे. जॉब फेल झाला ही बातमी, ज्याने तो जॉब बांधला त्याच्यापर्यंत पोचतच नाही. अकरा माणसांना वाटतंय सगळं सुरळीत आहे. मालकांनाही तेच वाटतंय. काय बिघडतंय हे माहीत असलेले तुम्ही एकटे, म्हणून दमलेलेही तुम्ही एकटे. त्यांचा उत्साह किती आहे हे मला इथून कळणार नाही. पण ज्याला आपल्या कामाचा निकालच कधी कळत नाही, त्याचं मन त्या कामात कशाला लागेल?

मी कलाभवनातून, म्हणजे वडोदऱ्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून, इलेक्ट्रिकल झाले. नोकरीची बहुतेक वर्षं याच पट्ट्यात गेली, आधी टेस्टिंगला, मग उत्पादन सांभाळण्यात. आता छोट्या कारखान्यांना सल्ला देते. म्हणजे पुढे जे लिहितेय ते शॉप फ्लोअरवरचं आहे. सॉफ्टवेअरच्या ऑफिसात यातलं सगळंच लागू पडेल असं नाही.

तुमच्याकडेही काय लागू पडेल हे काही गोष्टींवर अवलंबून आहे. पहिली गोष्ट मालक. मकरपुऱ्याची वसाहत असो, पोरची असो की सावलीची, आपल्याकडच्या पुष्कळ कारखान्यांत मालक स्वतः फ्लोअरवर फिरतात आणि कामगाराला थेट काम सांगतात. तुमच्याकडे तसं असेल तर आधी त्यांच्याशी बोलावं लागेल, नाहीतर तुम्ही सकाळी बसवलेली घडी दुपारी मोडेल. दुसरी गोष्ट जॉबचा आकार. वितरणाचे छोटे ट्रान्सफॉर्मर लॉटने निघत असतील तर सोमवारी झालेली चूक त्याच आठवड्यात टेस्टला दिसते, ती दाखवून शिकवता येतं. मोठा पॉवर ट्रान्सफॉर्मर असला तर वाइंडिंगमधली चूक कळेपर्यंत इतके दिवस जातात की कुणी काय केलं हे करणाऱ्यालाही आठवत नाही. तिथे टप्प्याटप्प्याला तपासणी आणि सही, याशिवाय उपाय नाही. तुमच्या लिहिण्यावरून जॉब छोटे वाटतात, तसं धरून पुढे लिहिते.

आता त्या रात्रीच्या कामाकडे वळू. समजा ५०० केव्हीएचा, ११ केव्ही बाय ४३३ व्होल्टचा जॉब आहे. मधल्या टॅपवर (टॅप म्हणजे व्होल्टेज थोडं कमी-जास्त करण्याची जागा) प्रत्येक फेजला रेशो, म्हणजे एका फेजच्या दोन्ही बाजूंच्या व्होल्टेजचं गुणोत्तर, ४४ च्या आसपास यायला हवा, आणि फरक चालतो तो अर्ध्या टक्क्याच्या आत. दोन फेज बरोबर आल्या, तिसरी अडीच टक्क्यांनी कमी आली. तुम्ही टेस्टिंगचे, तुम्हाला बघताक्षणी कळतं की टॅप स्विचला लीड, म्हणजे वाइंडिंगमधून आलेल्या जोडतारा, चुकीच्या जागी लागल्यात. तुम्ही वरचं कव्हर काढता, तेल उतरवता, लीड बदलता, अकरा वाजता घरी जाता. सकाळी रिपोर्टवर पास. ज्या मुलाने लीड लावल्या तो सकाळी येऊन त्याच ड्रॉइंगचा पुढचा जॉब घेतो आणि त्याच पद्धतीने लीड लावतो. त्याच्या दृष्टीने कालचा जॉब पास झालाय, म्हणजे त्याची पद्धत बरोबरच आहे. तुम्ही त्याला वाचवलंत असं तुम्हाला वाटतं, पण त्याला तुमच्याकडून मिळालेला संदेश "असंच लाव" असा आहे.

म्हणून पहिला नियम: फेल झालेला जॉब ज्याने बांधला त्याच्याकडे जाईल, रीडिंगसकट जाईल, आणि दिवसाउजेडी जाईल. त्याला टेस्ट बेवर बोलवा, रेशो मीटर त्याच्यासमोर लावा, तिन्ही फेजचे आकडे त्यालाच वाचायला सांगा. मग विचारा, "हे असं का आलं असेल?" आणि गप्प राहा. हे गप्प राहणं जमायला वेळ लागतो, कारण तुम्हाला उत्तर आधीच माहीत असतं. त्याने शोधलं तर पुढच्या वेळी तो टँकिंगच्या, म्हणजे जॉब टाकीत उतरवण्याच्या, आधीच बघेल. दुरुस्ती त्यालाच करू द्या, तुम्ही बाजूला उभे राहा. दोन तास जास्त लागले तरी चालतील.

यात शिक्षेचा भाग नको. ओरडणं नको आणि पगार कापण्याची भाषा तर अजिबात नको. त्याचं कारण नुसतं चांगुलपणाचं नाही. फेल जॉबच्या मागे बहुतेक वेळा माणसाच्या आळसापेक्षा कामाच्या मांडणीतला दोष निघतो, आणि माणूस घाबरला की तो दोष लपून राहतो. लीडवर टॅग नसतात. एकाच ड्रॉइंगच्या दोन आवृत्त्या फ्लोअरवर फिरत असतात. जॉब अर्धा असताना शिफ्ट बदलते आणि कुठपर्यंत झालंय हे तोंडी सांगितलं जातं. या गोष्टी फक्त त्या मुलाला माहीत असतात, आणि तो त्या तुम्हाला तेव्हाच सांगेल जेव्हा सांगितल्यावर अंगावर काही येत नाही असा त्याचा अनुभव असेल.

एक उदाहरण सविस्तर सांगते, कारण ते जवळजवळ प्रत्येक पावसाळ्यात दिसतं. मेगरला, म्हणजे इन्सुलेशन मोजायच्या मीटरला, रीडिंग कमी येतं. सगळे म्हणतात असेंब्लीवाल्यांनी घाम-धूळ लावली, स्वच्छता नाही. असेंब्लीवाले खाली मान घालून ऐकतात. मग मी विचारायची, हा जॉब सुकवायच्या ओव्हनमधून किती वाजता बाहेर आला आणि टाकीत किती वाजता उतरला? आणि बरेचदा उत्तर असं निघायचं की ओव्हन पुढच्या लॉटसाठी हवा होता म्हणून जॉब दुपारी बाहेर काढला, पण टाकी रंगाच्या विभागातून आलीच नव्हती. जुलैच्या वडोदऱ्याच्या दमट हवेत तो कोरडा केलेला कागद संध्याकाळपर्यंत उघडा राहिला आणि हवेतला ओलावा पीत बसला. आता यात असेंब्लीच्या मुलाने काय करायचं होतं? टाकी तयार असल्याशिवाय ओव्हन उघडायचा नाही, हा नियम प्लॅनिंगने पाळायचा होता. त्या मुलाला कितीही मोटिव्हेट केलं असतं तरी मेगरचा काटा हलला नसता. टीमला आधार देणं म्हणजे माझ्या लेखी हे: त्यांच्या हातात नसलेलं कारण शोधून, ज्याच्या हातात आहे त्याच्या टेबलावर नेऊन ठेवायचं. हे काम इन्चार्जचं आहे, आणि रात्री लीड बदलत बसलात तर त्याला वेळ उरत नाही.

यासाठी एक साधं रजिस्टर ठेवा. तारीख, जॉब नंबर, काय रीडिंग आलं, कारण काय सापडलं, दुरुस्तीला किती तास गेले, पुढे काय बदललं. माणसाचं नाव लिहू नका. नाव लिहिलंत की ते रजिस्टर तक्रारवही होईल आणि कुणी त्यात खरं कारण सांगणार नाही.

सुरुवातीला रजिस्टरमधल्या नोंदी वाढतील. घाबरू नका, आणि मालकांना हे आधीच सांगून ठेवा. एमी एडमंडसन या हार्वर्डच्या संशोधक. त्यांनी १९९० च्या दशकात रुग्णालयांतल्या तुकड्यांमध्ये औषधं देताना होणाऱ्या चुकांचा अभ्यास केला. चांगल्या तुकड्यांत चुका कमी असतील अशी अपेक्षा होती. आकडे उलटे आले: ज्या तुकड्यांचं आपसांत आणि त्यांच्या प्रमुखाशी चांगलं होतं, तिथे चुकांच्या नोंदी जास्त. मग लक्षात आलं की तिथे चुका सांगितल्या जात होत्या, बाकीच्या ठिकाणी झाकल्या जात होत्या. आपल्या फ्लोअरवर मी हेच बघितलंय. ज्या सुपरवायझरच्या विभागात कधीच काही बिघडत नाही, त्याच्या विभागातला जॉब सहा महिन्यांनी ग्राहकाकडून परत येतो.

वाईट बातमी तुमच्यापर्यंत लवकर यायला हवी असेल तर ती आणणाऱ्याला पहिल्या दहा सेकंदांत तुमच्या चेहऱ्यावर काय दिसतं यावर पुष्कळ काही ठरतं. टोयोटाच्या कारखान्यात कामगाराला अडचण दिसली की तो दोरी ओढतो किंवा बटण दाबतो. अनेकांना वाटतं की त्याने लाइन लगेच थांबते. प्रत्यक्षात आधी दिवा लागतो आणि टीमचा प्रमुख धावत येतो. ठरलेल्या टप्प्यापर्यंत अडचण सुटली नाही तरच लाइन थांबते. त्या सगळ्या व्यवस्थेत माझ्या मते मोलाची गोष्ट प्रमुखाचं येणं आहे. बोलावल्यावर कुणी येत नसेल तर कामगार दुसऱ्यांदा दोरी ओढणार नाही. म्हणून सकाळी दहा मिनिटं सगळ्यांना उभ्या उभ्या भेटा आणि "सगळं ठीक ना?" असं विचारू नका, त्याचं उत्तर "हो साहेब" एवढंच असतं. "आज कुठे अडेल?" असं विचारा. कुणी म्हणालं की अमुक मापाची गॅस्केट स्टोअरमध्ये नाही, तर अर्ध्या तासात स्टोअरमध्ये जाऊन या आणि काय झालं ते त्याला येऊन सांगा, मिळाली नसली तरी सांगा.

या सकाळच्या भेटीबद्दल एक गोष्ट आपल्या मराठी मंडळींना मुद्दाम सांगावीशी वाटते. आपण गायकवाडांच्या काळापासून इथे आहोत, घरी मराठी, कामावर गुजराती, आणि बिहार-ओडिशाकडच्या मुलांशी हिंदी. दोन मराठी माणसं समोर आली की आपण नकळत मराठीत घसरतो. तुम्ही मराठी, काका मराठी. दहा माणसांसमोर तुम्ही त्यांच्याशी मराठीत दोन वाक्यं बोललात की बाकीच्यांना वाटतं आपल्याबद्दलच काहीतरी चाललंय. फ्लोअरवर सगळ्यांना कळेल त्याच भाषेत बोला, काकांशीसुद्धा. आणि हाय व्होल्टेज टेस्टच्या वेळच्या सूचना तर ठेकेदाराच्या मुलांनाही समजतील अशाच भाषेत हव्यात. ११ केव्हीच्या जॉबला २८ केव्ही लावताना एखाद्याला "लांब हो" कळलं नाही, असं होऊन चालणार नाही.

आता काका. तुमच्या प्रश्नात सगळ्यात जास्त दुःख इथे आहे असं मला जाणवलं, म्हणून थोडं थांबून लिहिते.

काकांच्या बाजूने बघा. ज्याला स्पॅनर धरायला शिकवला तो मुलगा आता साहेब. एवढं तर ते पचवतीलही, या वयाची माणसं तुम्हाला वाटतं त्यापेक्षा मोठ्या मनाची असतात. पण गेले सात महिने त्यांनी जोडलेले जॉबही तुम्ही रात्री त्यांना न विचारता उघडताय. त्यांना ते कळत नसेल असं समजू नका. बोल्टवरच्या खुणा बघूनच त्यांना सकाळी कळतं की कुणीतरी कव्हर काढलं होतं. शिष्याने तोंडावर सांगितलं असतं तर ते रागावले असते आणि विसरले असते. पाठीमागे दुरुस्त केलेलं मात्र लागतं.

तुम्ही त्यांच्याशी आधी बोला, टीमसमोर नियम जाहीर करण्याआधी. केबिनमध्ये बोलावू नका, गेटबाहेरच्या चहाच्या लारीवर न्या. तिथे मराठीतच बोला. साधं बोला: "काका, फेल झालेले जॉब मी रात्री उघडत होतो, तुमचेही. तुम्हाला सांगायला जीभ रेटत नव्हती. यापुढे असं करणार नाही. ज्याचा जॉब त्याला दाखवणार, तुमचा असेल तर तुम्हालाही. पण टाकीत उतरवण्याआधी प्रत्येक जॉब तुम्ही बघावा आणि तुमची सही असल्याशिवाय तो खाली जाऊ नये, असं मला वाटतं. तुम्ही थांब म्हणालात तर मीही तो हलवणार नाही."

शेवटचं वाक्य बोलणार असाल तर पाळावं लागेल. मार्चअखेरीला गाडी गेटवर उभी असताना काका म्हणतील, "ही लीड फार जवळ आहे, उघड." त्या दिवशी तुम्ही "राहू द्या आता" म्हणालात तर तो अधिकार तिथेच संपला, आणि पुन्हा देता येणार नाही. द्यायचा असेल तर खरा द्या. मी ज्या ज्येष्ठ कारागिरांना असा खरा अधिकार मिळालेला बघितला, त्यांच्याकडून नवी मुलं जितकं शिकली तितकं कुठल्या ट्रेनिंगमध्ये शिकली नाहीत.

काकांना "काका" आणि "तुम्ही"च म्हणत राहा. इन्चार्ज झालो म्हणून संबोधन बदलायचं कारण नाही. पण त्यांच्या जॉबला टेस्टमध्ये सूटही नको. सगळ्यांची नजर तिथेच असते. काकांच्या चुकीकडे तुम्ही काणाडोळा केलात तर बाकीच्या दहांना नियमाचा अर्थ कळून चुकतो.

एक सूचना आणखी, जमलं तर. तुमच्या कारखान्याजवळच इर्डा ही विजेच्या उपकरणांची चाचणी-संशोधन संस्था आहे, १९७४ पासून. तुमच्या जॉबच्या टाइप टेस्ट (नमुन्याच्या एका जॉबवरच्या सविस्तर चाचण्या) तिथे होत असतील, तर पुढच्या वेळी परवानगी काढून काकांना आणि एका नव्या मुलाला बरोबर न्या. आयुष्यभर लीड जोडणाऱ्या माणसांपैकी अनेकांनी आपला जॉब इम्पल्स टेस्टला, म्हणजे विजेच्या कडकडाटासारखा झटका देऊन होणाऱ्या चाचणीला, उभा राहिलेला कधी बघितलेला नसतो. तिथे मॅनेजर जातो, सही करून येतो. ज्याच्या हातचं काम आहे त्याने तो निकाल डोळ्यांनी बघावा, यासाठी अर्धा दिवस गेला तर गेला.

डबा खाणाऱ्या दोन मित्रांबद्दल फार काही सांगायचं नाही. डबा त्यांच्याबरोबर खायला हरकत नाही, पण रजा आणि ओव्हरटाइमचा कागद भिंतीवर लावा, सगळ्यांना दिसेल असा. मैत्रीमुळे होणारा बहुतेक संशय या दोन गोष्टींवरूनच येतो. आठवड्याला ४८ तासांवरच्या कामाला दुप्पट मजुरी, हे १९४८ च्या कारखाना कायद्यापासून चालत आलंय. तो कामगाराचा हक्क आहे, बक्षीस म्हणून वाटायची गोष्ट नाही. तुम्ही ज्या नव्या मुलाला रात्री थांबवता त्याला ओव्हरटाइम लागतो का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. लागत नसेल तर हे आधी थांबवा, बाकी सगळं नंतर.

ज्याचं काम घसरलंय त्या माणसाबद्दल तुम्ही लिहिलंय की "बहुतेक पिऊ लागलाय." हा अंदाज बाजूला ठेवा. अंदाजाने बोलायला गेलात तर तो स्वतःचा बचाव करण्यातच गुंतेल. दिसलेलं तेवढंच सांगा: या दोन आठवड्यांत अमुक दिवशी उशीर झाला, अमुक दोन जॉबला बोल्ट सैल राहिले, आधी तुझं असं कधी होत नव्हतं, काय चाललंय? मग ऐका. घरात आजारपण असेल, कर्ज असेल, झोप लागत नसेल, किंवा तो काहीच सांगणार नाही. काही न सांगण्याचाही त्याला अधिकार आहे.

तुमच्या हातात जे आहे ते द्या: काही आठवडे सकाळची पाळी, थोडी रजा, कमी धोक्याचं काम. जे हातात नाही त्याचं आश्वासन देऊ नका, विशेषतः पैशाचं. सवलतीला तारीख घाला, "दिवाळीपर्यंत असं करू, मग पुन्हा बसू," कारण त्याचं उरलेलं काम दुसरे उचलतात आणि त्यांना ते किती दिवस उचलायचं हे कळायला हवं. तो जे सांगेल ते फ्लोअरवर जाऊ देऊ नका. मालकांनाही "त्याला घरची अडचण आहे, मी बघतोय" एवढंच पुरे. मन फारच खचलेलं दिसलं तर टेली मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर त्याला द्या, फुकट आहे आणि गुजराती-हिंदीत बोलता येतं. तुम्ही डॉक्टर होऊ नका. आणि एक गोष्ट मात्र त्याला आवडो न आवडो, आजच करा: झोप न झालेल्या माणसाला हाय व्होल्टेज टेस्टवर उभं करू नका. "ही शिक्षा नाही, झोप नीट लागायला लागली की परत ये" असं स्पष्ट सांगून बाजूला घ्या. इथे भीड बाळगायची नसते.

दोन नव्या मुलांना काम सोपवताना एकदम सगळं सोडू नका आणि सगळं धरूनही ठेवू नका. रेशो आणि रेझिस्टन्स आधी तुमच्याबरोबर, मग एकट्याने करून तुम्हाला दाखवून, मग फक्त आकडा हद्दीबाहेर गेला तर सांगून. हाय व्होल्टेजला मात्र बराच काळ पहिल्या पायरीवरच ठेवा. कुठलं काम कोण कुठल्या पायरीवर आहे हे त्यांना बोलून सांगा, नाहीतर त्यांना वाटतं तुमचा विश्वास नाही आणि तुम्हाला वाटतं ते पुढाकार घेत नाहीत.

उरले मालक. रात्रीचं काम बंद केलंत की पहिल्या महिन्यात काही डिस्पॅच मागे पडतील, हे लपवू नका. रजिस्टरमधले दुरुस्तीचे तास बेरीज करून त्यांच्यासमोर ठेवा. आजवर ते तास तुमच्या झोपेतून जात होते, म्हणून कुणाच्या हिशेबात नव्हते. वीज कंपनीचा इन्स्पेक्टर तपासणीला येणार असेल तर तारीख देण्याआधी ओव्हन, टाकी आणि तेल यांचा खरा वेळ मोजा आणि तीच तारीख सांगा. ओव्हनमधले तास कुणाला ओरडून कमी होत नाहीत, हे मालकांनाही माहीत असतं. फक्त कुणीतरी ते आकड्यांत सांगावं लागतं. तुमच्या टीमला तुमच्याकडून मिळणारा मोठा आधार हाच असेल की वरून आलेली अशक्य तारीख तुम्ही तशीच खाली ढकलली नाही.

एकदम सगळं सुरू करू नका. क्रम माझ्या मते असा ठेवा: आधी काम घसरलेल्या त्या माणसाला टेस्टवरून बाजूला घेणं, आजच, आणि नव्या मुलाचा ओव्हरटाइम, याच आठवड्यात. मग काकांशी बोलणं आणि मालकांना कल्पना देणं. त्यानंतर रात्रीचं काम बंद, फेल जॉब बांधणाऱ्याकडे, रजिस्टर सुरू. सकाळची भेट त्याच दिवसापासून. बाकीचं महिन्याभराने.

परत टेस्टिंगला जावं का, याचं उत्तर आज शोधू नका. गेले सात महिने तुम्ही दिवसा इन्चार्ज आणि रात्री असेंब्लीवाले होतात, त्यावरून हे काम तुम्हाला जमतं की नाही, आवडतं की नाही, हे ठरवता येणार नाही. तीन-चार महिने नुसतं इन्चार्जचं काम करून बघा. त्यानंतरही मीटरसमोर बसलेला दिवसच चांगला गेला असं वाटत राहिलं, तर खुशाल परत जा. चांगला टेस्टिंग इंजिनिअर या पट्ट्यात सहज मिळत नाही, आणि मालकांना तसं सांगताना पगार आणि हुद्दा कमी न होता जाण्याबद्दल बोलायला संकोच करू नका.

पुढे लिहाल तेव्हा दोन गोष्टी कळवा. ठेकेदाराच्या मुलांपैकी कोण उद्या येणार हे तुम्हाला आदल्या दिवशी कळतं की गेटवरच? आणि मालक फ्लोअरवर थेट काम सांगतात का? गेटवरच कळत असेल किंवा मालक थेट काम सांगत असतील तर रजिस्टर आणि सकाळची भेट यांबद्दल मी जे लिहिलंय त्यात बदल करावा लागेल, तो मी सांगेन.